शकूबेनची भाषा ऐकायला

आमच्या शहाद्याकडचं माणूस धाराशिव जिल्ह्यात सहसा जात नाही. तुळजापूरला जातात, पण देवीचं दर्शन घेऊन त्याच गाडीनं परत फिरतात. तिथून पुढं पूर्वेला, लोहारा तालुक्यात, जायचं आम्हाला काही कारण नसतं. मला होतं. सास्तूरला माझी सख्खी थोरली बहीण राहते, आणि तिच्याकडं जायचं मी तीस वर्षं टाळलं होतं.

तिचं नाव शकुंतला. आम्ही तिला शकूबेन म्हणायचो. आम्ही गुजर, त्यातले रेवे गुजर. तापीकाठची शेती करणारी माणसं, बाहेर मराठी आणि घरात गुजरी बोलणारी. आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ. शकूबेन सगळ्यांत मोठी, मी बहिणींत धाकटी, भाऊ माझ्या पाठचा. ती नर्स झाली, नोकरीला लागली, आणि त्र्याण्णव साली किल्लारी-सास्तूरकडं भूकंप झाला तेव्हा मदतीच्या पथकाबरोबर तिकडं गेली. पंधरा दिवसांसाठी गेली होती, पण तिकडंच राहिली. अंबादास नावाच्या एसटी कंडक्टरशी तिनं लग्न केलं. त्यांचे आईवडील भूकंपात गेले होते. ते बौद्ध. तिचं पत्र आलं तेव्हा आमच्या वडिलांनी, म्हणजे बांनी, ते पूर्ण वाचलं, चुलीत घातलं आणि म्हणाले, "ह्या घरात तिचं नाव घ्यायचं नाही." कुणी घेतलं नाही. मीही घेतलं नाही. पुढं तिनं मला, मी शिकवायचे त्या शाळेच्या पत्त्यावर, चार पत्रं पाठवली. मी ती वाचली, टेबलाच्या खणात ठेवली, आणि एकाचंही उत्तर दिलं नाही.

या जानेवारीत एका अनोळखी नंबरावरून फोन आला.

"मंगलमावशी का? मी प्रज्ञा. शकुंतलाबाईंची मुलगी." आवाज शांत होता. "आईला दिवाळीच्या आधी झटका आला. उजवी बाजू गेली. आता बसती, खाती. पण मराठी बोलंना झाली. दुसरंच कायतरी बोलती, आमाला कुनालाच कळंना. तुमी एकदा येऊन ऐकता का?"

ऐकता का, असं म्हणाली ती. भेटता का, असं नाही म्हणाली.

धाराशिव

धुळ्याहून सोलापूरची गाडी धरली आणि सकाळी सातला धाराशिवला उतरले. थंडी आमच्याइतकी नव्हती, पण वारा कोरडा, ओठ फुटतील असा. स्टँडसमोरच्या हॉटेलात चहा घेतला. काचेच्या कपाटात एवढ्या सकाळी गुलाबजामची परात मांडलेली. "हितले गुलाबजाम लई नावाजलेले हैत बघा," हॉटेलवाला म्हणाला. अर्धा किलो बांधून घेतले. घरून बिबडे आणले होतेच. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, गच्चीवर कडक उन्हात वाळवलेले. शकूबेन लहानपणी ते अर्धे ओले असतानाच चोरून खायची. म्हटलं, बाकी काही नाही तरी ही चव तिला ओळखू येईल.

लोहाऱ्याकडं जाणाऱ्या एसटीत खिडकीशी जागा मिळाली. आमच्याकडं शेत म्हणजे केळी, पपई, ऊस. नजर दहा पावलांवर अडते. इथं नजर अडतच नाही. कणसं निसवलेली ज्वारी, मधेच हरभरा, काढून ढीग लावलेली तूर, आणि बांधावर काळे दगड. माणूस लांबून येताना दिसतं आणि बराच वेळ दिसतच राहतं.

शेजारी एक पन्नाशीची बाई मांडीवर ओल्या हरभऱ्याची जुडी घेऊन बसली होती. तिनं न विचारता चार डहाळे माझ्या हातात दिले.

"कुन्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

"शहादा. नंदुरबारकडं."

"लई लांब की. हिकडं कुनाकडं?"

"सास्तूरला. अंबादास कंडक्टर आहेत ना, त्यांच्याकडं."

"नर्सबाईच्या घरी व्हय? त्येंच्या कोन तुमी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी इतक्या वर्षांत कुणालाच दिलं नव्हतं. "बहीण," म्हटलं.

"सख्ख्या?"

"सख्खी."

तिचे घाटे सोलणारे हात थांबले. "माजं थोरलं लेकरू त्येंच्याच हातावर झालं. पत्र्याच्या शेडात. तवा घरं न्हवती कुनाला." मग ती बाहेर बघत म्हणाली, "आमाला वाटायचं, त्येंना कुनीच न्हाय."

 हरभरा तोंडात तसाच राहिला. तिचं गाव आधी आलं. उतरता उतरता तिनं सांगितलं, "सास्तूरला गेल्यावर गुजराचं दुकान इचारा. तिथनं म्होरं त्येंचं घर."

सास्तूर

सास्तूर भूकंपानंतर नव्या जागी वसवलं आहे. रस्ते सरळ आणि रुंद, घरं एकमेकांपासून सुटी, प्रत्येकाभोवती मोकळी जागा. आमच्याकडं भिंतीला भिंत लागलेली असते, एका घरातली फोडणी दुसऱ्या घरात ठसका आणते. इथं दुपारी रस्त्यावर उभं राहिलं की आपण फार लांब लांब बसलेल्या माणसांच्या सभेत आलो आहोत असं वाटतं.

मी गुजराचं दुकान विचारलं आणि एका मोटरसायकलवाल्यानं मला एका कापडदुकानासमोर नेऊन सोडलं. आत गादीवर ऐंशीच्या घरातले एक शेठ बसले होते, कानात यंत्र. माझी पिशवी पाहून त्यांची सून म्हणाली, "पाहुण्या का? आमच्याकडं आलात?" थोडा वेळ घोटाळाच झाला. मी म्हणते मी गुजर, ते म्हणतात गुजराचं दुकान हेच. ह्या भागात गुजर म्हणजे गुजराती व्यापारी. शेठ जैन होते, त्यांचे पणजोबा निजामाच्या अमलात गुजरातेतून कापड घेऊन आले होते. "आम्ही काही गुजर नाही," शेठ हसून म्हणाले, "ते गावानं ठेवलेलं नाव. खऱ्या गुजर तुम्ही."

मी शकूबेनचं नाव मोठ्यानं सांगितलं तेव्हा त्यांचं हसू गेलं.

"ती यायची इथं," ते म्हणाले. "महिन्यातून एकदा तरी. कापड घ्यायला नाही, माझ्या बायकोशी बोलायला. ही गुजराती बोलायची, ती तिची गुजरी. निम्मं कळायचं, निम्मं नाही, पण दोघी तासतासभर बसायच्या. बायको वारली, मग तिचं येणं कमी झालं. झटका आल्यावर मी भेटायला गेलो होतो. तिनं माझ्याकडं बघून बरंच काही सांगितलं. पण माझे कान गेलेत, बाई. नुसते ओठ हलताना दिसले."

सुनेनं चहा दिला आणि घर दाखवायला कोपऱ्यापर्यंत आली.

अंबादास, म्हणजे माझे दाजी, फाटकात उभे होते. उंच, वाळलेले, पांढरा सदरा. केव्हापासून उभे होते कोण जाणे. मी मनात दहा वाक्यं जुळवून आले होते, त्यातलं एकही लागलं नाही. "या," ते म्हणाले. "पायावर पानी घ्या. गाडीला गर्दी न्हवती ना?" जणू मी दर वर्षी येते.

शकूबेन पडवीत उन्हाला खाटेवर बसली होती. पाठीमागं उशा, उजवा हात मांडीवर ठेवून दिल्यासारखा. केस बारीक कापलेले. चेहरा हुबेहूब बांचा झाला होता. मला धसकाच बसला. ज्यांनी तिचं नाव टाकलं त्यांचाच चेहरा घेऊन ती म्हातारी झाली होती.

तिनं माझ्याकडं पाहिलं, ओळखीचं काही डोळ्यांत आलं नाही. मग डाव्या हातानं खाटेची कड धरून ती पुढं झुकली आणि म्हणाली, "घेर. घेर."

प्रज्ञा धावली. तीस-एक वर्षांची, आईसारखेच रुंद खांदे. तिनं आईला दोन्ही खांद्यांना धरून अलगद मागं टेकवलं. "बघा मावशी, हेच. दिवसातनं पन्नास येळा. घेरी, घेरी करती. डॉक्टरला सांगितलं, चक्करीच्या गोळ्या चालू हैत. पडंल म्हनून आमी तिला उठूच देत न्हाय."

मी खाली बसले. 

"प्रज्ञा," मी म्हटलं, "घेरी नाही गं. घेर. आमच्यात घेर म्हणजे घर. ती घरी जायचं म्हणतेय."

 प्रज्ञाचे हात आईच्या खांद्यावरच होते. ते तिनं हळूच काढून घेतले. दोन-अडीच महिने एक बाई घरी जायचं म्हणत होती आणि तिची माणसं मायेनंच तिला धरून बसवत होती.

मग मी शकूबेनशी गुजरीत बोलायला लागले. पहिल्या वाक्याला तिनं मान वळवली. दुसऱ्याला तिचं तोंड उघडं राहिलं. आणि मग ती बोलू लागली, अडखळत, शब्द हरवत, पण थांबेना. मी ऐकत गेले आणि मराठीत सांगत गेले. घोंगडी टोचते. वरणात तिखट फार पडतं. डोक्याला तेल लावा. खिडकी उघडी ठेवा, भिंतींची भीती वाटते. इतकं साधं सगळं. प्रज्ञा एका वहीत लिहून घेत होती, खाली मान घालून.

मधेच शकूबेननं फाटकाकडं बोट केलं आणि एक लांब वाक्य बोलली. 

"काय म्हनती?" दाजींनी विचारलं.

"म्हणते, तो कंडक्टर दिवसभर उभाच असतो. त्याला कुणीतरी बसायला सांगा."

दाजी खरंच उभे होते. ते पडवीच्या पायरीवर बसले, तिच्या पायांशी. बराच वेळ बसले. मग तोंड धुवायला म्हणून मागच्या अंगणात गेले आणि लवकर आले नाहीत.

जेवायला ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, तुरीचं घट्ट वरण, ह्या वेळी बिनतिखटाचं. मी मोठ्या आशेनं बिबडे तळले. शकूबेननं एक तुकडा तोंडात घेतला, चघळला, आणि मान फिरवली. गुलाबजाम मात्र दोन खाल्ले.

दुसऱ्या दिवशी दुपारी प्रज्ञा मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली. ती उमरग्याला एका कॉलेजात ग्रंथालयात काम करते, रजा काढून आली होती. "मावशी, मी लई शोधलं," ती म्हणाली. "गुजर लिहिलं की काश्मीरचे म्हशी पाळनारे येतात. राजस्थानात आंदोलन करनारे येतात. जुने राजे येतात. हितं म्हनावं तर कापडवाले. ह्यातले तुमी कोन?"

मला हसू आलं. बा सांगायचे ते सांगितलं. की आपण फार पूर्वी उत्तरेकडून निघालो. काही म्हणतात राजस्थानातून, काही म्हणतात त्याच्याही पलीकडून. वाटेत गुरं राखली, वाटेत लढलो, मग नांगर धरला. रेवा म्हणजे नर्मदा. तिच्या काठी राहून खाली उतरलो म्हणून रेवे गुजर. तापीला काळी जमीन दिसली, तिथं थांबलो. खरं किती, कुणास ठाऊक. आमच्याकडं छापलेला इतिहास नाही. वंशावळ राखणारा भाट सांगतो तेवढाच.

"भाट म्हाईत हाय मला," प्रज्ञा एकदम म्हणाली. "आई सांगायची. काही वर्षांनी येतो, मोठी पोथी घेऊन. सगळ्या पिढ्या वाचून दाखवतो. लेकी कुठं दिल्या तेबी लिवतो. आई म्हनायची, बानं घरातून नाव काढलं तरी पोथीतून निघत न्हाय. तिथं मी असंलच." तिनं मोबाइल बाजूला ठेवला. "हाय का मावशी?"

मी खोटं बोलू शकले असते. पोथी काही सास्तूरला येणार नव्हती.

"नाही," मी म्हटलं. "भाट आला तेव्हा बांनी दोन मुली सांगितल्या. मी तिथंच बसले होते, गप्प राहिले. नंतर बा गेले. भाट पुन्हा आला तेव्हा मी माहेरी गेले होते, घरात मोठं माणूस मीच. त्यानं विचारलं, पूर्वी तीन ऐकल्याचं आठवतंय. तेव्हा मी म्हटलं, नाही, दोनच. तेव्हा माझ्यावर कुणाची जबरदस्ती नव्हती, प्रज्ञा. मुलाचं लग्न ठरत होतं. कुणी विचारपूस करेल ह्याची भीती वाटली."

प्रज्ञानं माझ्याकडं पाहिलं नाही. समोर सूप होतं, त्यातली तूर ती निवडत राहिली. मग म्हणाली, "तिला सांगू नका. तिला आता कळंल अशा भाषेत बोलता तुमी."

माकणी

शकूबेनचं घेर थांबत नव्हतं. आता अर्थ कळल्यावर ते ऐकणं जास्त अवघड झालं. दाजी मला म्हणाले, "न्यायची का तिला तिकडं? मी काय आडवा येनार न्हाय. चार दिस ऱ्हाईल, जिवाला बरं वाटंल."

मी भावाला फोन लावला. त्याला शकूबेनची सगळी हकिकत सांगितली. तो ऐकून घेत होता, वाईट वाटलं त्याला, ते आवाजात कळलं. पण म्हणाला, "ताई, आणून कुठं दाखवणार? जुनं घर पाडून आपण बंगला बांधला. तिला ओळखू येईल असं इथं काही नाही. आणि लोक येतील, बसतील, विचारतील. तू तिथंच समजूत घाल तिची." फोन ठेवताना म्हणाला, "तब्येतीला जप तिच्या." त्यानं तिचं नाव घेतलं नाही. त्याच्या तोंडाला ते सवयीचंच राहिलं नव्हतं.

दाजींना मी एवढंच सांगितलं की प्रवास झेपायचा नाही. ते समजले. तीस वर्षं तिकिटं फाडलेल्या माणसाला कोण कुठं पोहोचणार नाही ते कळत असावं.

त्यांनीच मग सुचवलं, "माकनीच्या धरनावर नेऊ. तिला पान्याकडं बघत बसायला आवडायचं. सुट्टी असली की म्हनायची, चला पानी बघू."

चौथ्या दिवशी दुपारी रिक्षा केली. प्रज्ञानं पुढच्या बाजूला उशी घातली, मी आणि दाजींनी मधे शकूबेनला धरलं. वाटेत दाजींनी जुन्या गावाची जागा दाखवली. वेड्या बाभळी माजलेल्या, मधे मधे चौथरे. "जुन्या गावात हाक मारली की धा घरात ऐकू जायची," ते म्हणाले. "हितं फोन करावा लागतो." आईवडलांचं काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.

माकणीला तेरणा अडवलेली आहे. पाणी एवढं पसरलेलं की पलीकडचा काठ पुसट होतो. ऊन उतरत होतं, वाऱ्यानं पाण्यावर बारीक सुरकुत्या. काठावरच्या गवतात सतरंजी टाकली आणि शकूबेनला बसवलं. ती पाण्याकडं पाहत राहिली. मग अगदी स्पष्ट, न अडखळता म्हणाली, "तापी."



तिनं मला हातानं खूण केली. मी ओंजळीत पाणी आणलं. तिनं डावा हात त्यात बुडवला, कपाळाला लावला, डोळ्यांना लावला. आमच्याकडं बायका तापीला असंच करतात. मग तिनं विचारलं, "नाव कुठाय?"

आमच्या लहानपणी तापीवर पूल नव्हता. तालुक्याहून येताना अलीकडच्या काठाला उतरायचं, नावेतून तापी ओलांडायची, आणि पलीकडं चढ चढला की गाव. शकूबेन मला कडेवर घेऊन नावेत बसायची. माझे पाय पाण्याला लागू नयेत म्हणून उचलून धरायची.

"काय इचारती?" दाजी म्हणाले.

"नाव कुठाय म्हणते. तिला वाटतंय ही तापी आहे. पलीकडं गाव आहे."

दाजींनी पाण्याकडं पाहिलं. लांब एक मासे धरणारा माणूस थर्माकोलच्या ताफ्यावर बसला होता, बाकी काही नव्हतं.

"तिला सांगा," ते म्हणाले, "नाव पलीकडं गेलीया. यील आता."

मी तसं गुजरीत सांगितलं. शकूबेननं मान हलवली. समाधानानं. सबंध चार दिवसांत पहिल्यांदा ती घेर म्हणाली नाही. आम्ही बसलो. बगळे परतू लागले, थंडी वाजायला लागली, प्रज्ञानं आईला शाल पांघरली. रिक्षावाला दोनदा येऊन गेला. मी उठायला लागले तेव्हा दाजी हळू आवाजात म्हणाले, "थांबू की. आपल्याला काय घाई हाय."

नावेची वाट बघता बघता शकूबेन त्यांच्या खांद्यावर झोपली. झोपेतच तिला उचलून रिक्षात ठेवलं.

सास्तूर, निघण्याचा दिवस

आठव्या दिवशी सकाळी मी तिला न्हाऊ घातलं. अंगणात पाटावर बसवलं, कोमट पाणी, शिकेकाई. तिचे खांदे लहान मुलीसारखे हलके झाले होते. डोळे मिटून ती पाणी अंगावर घेत होती. मधेच तिनं डोळे उघडले आणि विचारलं, "बाई, तू कोणाची?"

आमच्यात अनोळखी बाईला हा पहिला प्रश्न असतो. गाव, मग बापाचं नाव. मी दोन्ही सांगितलं.

 "त्यांच्या तर तीन मुली," ती म्हणाली. "तू त्यातली कितवी?"

"धाकटी," मी म्हटलं. "मंगला. शकूबेन, मी मंगला."

तिनं माझा चेहरा नीट पाहिला. पांढरे केस, चष्मा, सगळं पाहिलं. मग मला वाईट वाटू नये अशा बेतानं, हळूच मान हलवली.

"मंगला नाही तू," ती म्हणाली. "मंगला यायचीय अजून. तिला शाळा असते. पत्र टाकलंय मी तिला."

मी तांब्या भरला आणि तिच्या पाठीवर पाणी ओतत राहिले, बादली रिकामी होईपर्यंत.

दुपारच्या एसटीला दाजी सोडायला आले. प्रज्ञानं धपाटे बांधून दिले होते. ती फाटकापर्यंत आली, माझ्या पाया पडली नाही, मिठीही मारली नाही. "रविवारी फोन करते," म्हणाली. "मावशी, तुमी तिच्याशी बोला. वही वाचून मला जमंना तसं."

दाजींनी मला खिडकीची जागा बघून दिली, कंडक्टरला सांगितलं, "पाव्हन्या हैत आमच्या, लोहाऱ्याला नीट गाडी दावा." गाडी सुटली तरी ते स्टँडवर उभे होते.

याला आता काही महिने झाले. एप्रिलमध्ये शकूबेनला दुसरा झटका आला. ती जगली, पण बोलणं पूर्ण गेलं. गुजरीही गेली. प्रज्ञा मात्र दर रविवारी फोन करते आणि तो आईच्या कानाशी धरते. मी बोलते. कापूस लावला, पपईवर रोग आलाय, तापीला पाणी आलं, असं काहीही. पलीकडून फक्त श्वास ऐकू येतो. प्रज्ञा म्हणते, ऐकते ती, डोळे फोनकडं वळवते. माझ्या घरात आता गुजरी बोलणारं दुसरं कुणी उरलं नाही. मुलगा समजतो, बोलत नाही. नातवंडांना तेही नाही.

गेल्या रविवारी मी तिला अंगणातल्या फुलपाखरांचं सांगत होते. पाऊस थांबला की लिंबाच्या झाडावर झुंबड असते. सांगता सांगता अडले. फुलपाखराला आमच्यात काय म्हणतात ते आठवेना. शकूबेननंच शिकवलेला शब्द होता. मी थांबले, डोक्याला हात लावून बसले. पलीकडं तिचा श्वास चालू होता. विचारायचं होतं ते एकच माणूस, आणि ते फोनवरच होतं.

मग मी मराठी शब्द घातला आणि पुढं बोलत राहिले.